बर्फ नसतानाची तयारी



आज पिकाचा विषय बाजूला ठेवतो. शिकणारी मुले-मुली बहुतेक घरांत आहेत, म्हणून आज परदेशी शिष्यवृत्ती आणि बर्फावरची हॉकी या दोन गोष्टी एकत्र सांगतो. बर्फाचा आणि आपल्या काळ्या रानाचा संबंध काय, असे म्हणाल. पण शेवटपर्यंत वाचा.

१९२१ च्या सुमारास कॅनडाचे दोन तरुण इंग्लंडातील ऑक्सफर्ड विद्यापीठात शिष्यवृत्तीवर शिकत होते. लेस्टर पिअर्सन मॅसी शिष्यवृत्तीवर, तर रोलंड मिचनर ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर. दोघे विद्यापीठाच्या संघातून बर्फावरची हॉकी खेळले. पिअर्सन यांना १९५७ साली शांततेचे नोबेल मिळाले व पुढे ते पंतप्रधान झाले. मिचनर आधी भारतात कॅनडाचे उच्चायुक्त होते आणि १९६७ साली गव्हर्नर जनरल झाले. म्हातारपणीही रोज धावून ते लोकांना व्यायाम करा म्हणून सांगत.

हा खेळ दमाचा. खेळाडू सुमारे पाऊण मिनिट जीव तोडून पळतो, मग बाकावर बसतो, पुन्हा उतरतो. पाय मागे नव्हे, बाजूला रेटावा लागतो. म्हणून बर्फ नसेल तेव्हा मैदानावर आडव्या उड्या, एका पायावरच्या बैठका, पोट-कंबर बळकट करणारे व्यायाम आणि थोडे पळून थोडी विश्रांती, असा सराव करतात.

त्याचे मोल १९७२ साली दिसले. सोव्हिएत संघ बर्फाबाहेरही वर्षभर कसून तयारी करी. कॅनडाचे नामवंत उन्हाळा सुट्टीत घालवीत. २ सप्टेंबरला माँट्रियल येथे पहिलाच सामना सोव्हिएत संघाने ७-३ असा जिंकला. आठ सामन्यांअखेर कॅनडा कसाबसा पुढे राहिला, पण तहान लागल्यावर विहीर खणू नये हे त्यांना कळले. आपल्या लडाखमध्ये नैसर्गिक बर्फ हिवाळ्यात दोनेक महिनेच टिकतो. तरीही २०२५ साली भारताच्या मुलींनी आशियाई स्पर्धेत कांस्यपदक आणले.

"आमचा पोरगा शेतात राबतोच, त्याला व्यायाम कशाला?" असे काही जण विचारतील. राबण्याने काटकपणा येतो हे खरे. पण वाकून वाकून कंबर एकाच बाजूने शिणते. खेळाला चपळाई लागते, ती वेगळी कमवावी लागते. पोर कबड्डी खेळो की हॉकी, वरचा सराव गावच्या मैदानावर फुकट होतो. आठवड्यातून तीन दिवस पुरे. दुखणे असेल तर थांबावे. ताटात भाकरीबरोबर उसळ, दूध, शेंगदाणे असावेत.

शिष्यवृत्तीचेही तसेच. अर्जाची तारीख म्हणजे पेरणीचा दिवस, मशागत आधीची. पदवीला चांगले गुण, रोज थोडे इंग्रजी वाचन, मुलाला खरोखर ओळखणारे दोन-तीन शिक्षक आणि वेळेवर काढलेले जातीचे व उत्पन्नाचे दाखले, एवढे आधीपासून जमवा. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत अनुसूचित जाती व विमुक्त-भटक्या जमातींबरोबर भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांनाही स्थान आहे. ती पदवीनंतरच्या शिक्षणासाठी आहे. शिक्षणशुल्क, राहण्याचा खर्च आणि विमानभाडे मिळते. आपल्या राज्यातही अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. नियम बदलत असतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरात समाजकल्याण कार्यालयात नीट वाचून घ्या.

एक मात्र बजावतो. "पैसे द्या, शिष्यवृत्ती मिळवून देतो" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. त्याच्यापायी रान गहाण टाकू नका. आणि मुलगी हुशार असेल तर तिचा विचार आधी करा.

पाऊस आपल्या हाती नाही, बर्फही त्यांच्या हाती नाही. मशागत मात्र आपली. या सुट्टीत पोरांशी एवढे बोला.