वंशावळीत आई कुठे आहे?

आनुवंशिक स्मृतिभ्रंशावर संशोधन झालं पाहिजे. हे आधीच सांगून टाकते, कारण बायकांनी संशोधनाला एक प्रश्न विचारला की 'या बघा विज्ञानविरोधी' असं म्हणायला लोक टपलेलेच असतात. गर्भजल परीक्षेच्या वेळी आपण ते पुरेपूर ऐकलंय. तरीही १९८८ साली महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला आणि १९९४ मध्ये केंद्राला करावा लागला. तो विज्ञानाच्या विरोधात नव्हता. तपासणी कुणाच्या अंगावर होते आणि निर्णय कोण घेतं, एवढाच आपला प्रश्न होता. आज पुन्हा तोच विचारायची वेळ आली आहे.

गेली बावीस वर्षं मी सदरला राहते. त्यातली सात वर्षं सासूबाईंच्या विसरण्यात गेली. पहिल्यांदा त्यांना दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "घराण्यात आणखी कुणाला होतं का?" प्रश्न अगदी बरोबर होता. उत्तर दिलं माझ्या नवऱ्याने. आजोबा शेवटपर्यंत ठणठणीत, मोठे काका नव्वदीतही हिशेब करायचे, आत्याही ठीक. डॉक्टरांनी लिहून घेतलं: कौटुंबिक इतिहास नाही. आता बघा, आजारी कोण? सासूबाई. आणि तपासला कुणाचा वंश? सासऱ्यांचा! ज्या घराण्याशी त्यांचं रक्ताचं नातंच नाही, त्या घराण्याच्या शहाणपणाचा दाखला त्यांच्या कागदाला लागला. त्यांची आई काटोलकडे शेवटची पाच-सहा वर्षं लेकींनाही ओळखत नव्हती, थोरली बहीण तशीच गेली. हे सगळं मला माहीत होतं, कारण दुपारी भाजी निवडताना त्यांनीच ते मला सांगितलं होतं. मी बोलले तेव्हा डॉक्टर म्हणाले, "तुम्ही सून ना? मुलाला बोलू द्या."

यात त्या एकट्या डॉक्टरांना दोष देऊन भागणार नाही. आपल्याकडे वंशावळ म्हणजे काय, ते आठवा. जात पडताळणीच्या अर्जाला जोडतात ती. खापरपणजोबा, पणजोबा, आजोबा, बाप, मुलगा. बाई त्यात नसते. सातबाऱ्यावर ती आली तर उशिरा आली. त्यातून आपल्यात लग्नात पोरीचं नुसतं आडनाव नाही, नावही बदलायची रीत. काटोलची शेवंता लग्नानंतर वर्ध्याची सुनंदा होते, आणि पन्नाशीत तिला काय झालं ते काटोलला कळतसुद्धा नाही. कळलं तरी 'म्हातारचळ लागला', 'साठी बुद्धी नाठी', नाहीतर 'बाहेरचं काही आहे', एवढंच. एका आईच्या चार लेकी चार गावांत चार नावांनी विसरत विसरत मरतात, आणि ही एकाच घरातली गोष्ट आहे हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

जनुकाला मात्र आडनाव नसतं. आनुवंशिक अल्झायमर म्हणजे काय, हे आपल्या बैठकांतून नीट सांगायला हवं, कारण भीती अर्धवट माहितीवर पोसते. ॲपीपी, प्रेसेनिलिन-१ आणि प्रेसेनिलिन-२ अशी तीन जनुकं आहेत. यांपैकी एकात विशिष्ट दोष असेल तर आजार बहुधा साठीच्या आतच, कधी चाळिशीतही सुरू होतो, आणि प्रत्येक मुलाला, प्रत्येक मुलीला तो दोष येण्याची शक्यता निम्मी असते. आईकडून येवो की बापाकडून, फरक नाही. पण हा प्रकार अल्झायमरच्या शंभर रुग्णांत एकाहूनही कमी जणांत असतो. दुसरं जनुक एपीओई. त्याचा ई-४ हा प्रकार धोका वाढवतो, आजार ठरवत नाही. ई-४ असूनही स्मृती शाबूत राहिलेली माणसं आहेत आणि नसताना हरवलेलीही. हा फरक न सांगता जो तपासणी विकतो, तो भीती विकतो.

यातलं पहिलं जनुक सापडलं कसं? इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या कॅरल जेनिंग्ज या बाईंच्या लक्षात आलं की वडिलांना आणि त्यांच्या भावंडांपैकी बऱ्याच जणांना हाच आजार होतो आहे. ऐंशीच्या दशकात त्यांनी लंडनच्या संशोधकांना पत्र लिहिलं. त्यांच्या कुटुंबाच्या रक्तातून १९९१ साली ॲपीपीमधला दोष सापडला. एका लेकीने घरातलं दुखणं मोजलं, मांडलं आणि तिचं पत्र कुणीतरी मन लावून वाचलं. बाईंनी स्वतःची तपासणी मात्र करून घेतली नाही. तो त्यांचा हक्क होता आणि संशोधकांनी तो मानला. पुढे त्यांनाही आजार झाला. २०२४ साली त्या गेल्या. आपल्याकडच्या कितीजणींच्या पोटात असं पत्र पडून आहे!

आणि ज्या बाईवरून या आजाराचा शोध सुरू झाला ती? ऑगुस्ट डेटर, वय ५१, १९०१ साली फ्रँकफर्टच्या वेड्यांच्या इस्पितळात आणलेली. तिचं पहिलं लक्षण विसरणं नव्हतंच, नवऱ्यावरचा संशय होता. ती सदरमध्ये असती तर? संशयखोर बाई म्हणून माहेरी धाडली असती, फार तर मनोरुग्णालयाच्या दारात सोडली असती. अलॉइस अल्झायमरने तिच्याजवळ बसून तिला प्रश्न विचारले, उत्तरं टिपली. १९०६ मध्ये ती मेली, आजाराला नाव मात्र त्याचं मिळालं.

आता आपल्या देशाचे आकडे. 'लासी-डॅड' या पाहणीतून २०२३ मध्ये अंदाज आला की साठीपुढच्या शंभरांत ७.४ जणांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. पुरुषांत ५.८ टक्के, बायकांत ९. शहरात ५.३, खेड्यात ८.४. बाईचं जनुक वेगळं म्हणून? ई-४ चा धोका ठरावीक वयात बायकांना जास्त जाणवतो असं दिसलंय खरं. पण लॅन्सेटच्या आयोगाने २०२४ साली टाळता येण्याजोगी जी १४ कारणं दिली, त्यात बालपणी शिक्षण न मिळणं आहे, बहिरेपण आहे, एकटेपण आहे, हवेचं प्रदूषण आहे. सगळी मिळून सुमारे ४५ टक्के. आमच्या सासूबाईंना तिसरीतून काढलं, धाकट्या भावाला सांभाळायला. हे कोणत्या गुणसूत्रावर शोधायचं?

याच पाहणीतल्या २,७६२ माणसांचे संपूर्ण जनुकसंच वाचले गेले. रक्त दिलं ते म्हातारपणीच्या विसरण्यासाठी, पण बातम्या आल्या त्या आपले पूर्वज पन्नास हजार वर्षांपूर्वी कुठून आले याच्या. पूर्वजांची चौकशी जरूर करा. पण जिच्या मांडीवर आज ती म्हातारी आहे तिची कधी करणार? अशा अभ्यासांत रुग्णासोबत 'माहितगारा'चीही मुलाखत घेतात. हा माहितगार म्हणजे कोण, ते आपल्याला ठाऊक आहे. रात्री तीनदा उठणारी, कडी लावणारी, मळलेली चादर धुणारी सून, लेक किंवा बायको. 'अस्तु' सिनेमात संस्कृतचे पंडित हरवतात, त्यांना आईच्या मायेने सांभाळते माहुताची बायको. सिनेमासुद्धा खोटं बोलू शकला नाही.

कोलंबियातल्या अँतिओकिया प्रांतात प्रेसेनिलिनचा दोष असलेलं सुमारे ६,००० माणसांचं गोत आहे. डॉ. फ्रान्सिस्को लोपेरा आणि परिचारिका लुसिया माद्रिगाल यांनी घरोघर हिंडून त्याची वंशावळ काढली. २०१३ पासून तिथे औषधाची चाचणी झाली. २०२२ मध्ये कळलं, ठोस उपयोग नाही. पण त्याच गोतातली एक बाई दोष असूनही सत्तरीपर्यंत शाबूत राहिली, आणि तिच्यातल्या दुसऱ्या एका दुर्मिळ जनुकामुळे जगभरच्या शोधाला नवी दिशा मिळाली. म्हणून म्हणते, संशोधन हवं. फुकटात बायकांच्या जिवावर नको.

आणि निकालाचं काय? विदर्भाला हे नव्याने सांगायला नको. सिकलसेल आपल्याकडे घरोघर माहीत. मूल आजारी होण्यासाठी दोष आई-बाप दोघांकडून यावा लागतो, हे पोस्टरवर लिहिलेलं असतं. तरी 'तुझ्याच खानदानीतून आलं' हे ऐकते कोण? आमच्या केंद्रात येणाऱ्या पोरींना विचारा. २०२३ पासून केंद्र सरकारची सिकलसेल मोहीम चालू आहे, लग्नाआधी कार्ड जुळवायचा सल्ला मिळतो. पण कार्ड मागितलं जातं ते आधी मुलीचं. उद्या अल्झायमरचा कागद आला की तोच खेळ. गेल्या पावसाळ्यात एकजण आली. आईला पंचावन्नाव्या वर्षी हा आजार. मुलाकडच्यांनी सांगितलं, जनुक तपासून आणा, मग बघू. मुलाची आजी दहा वर्षं कुणालाच ओळखत नव्हती, ते कुणी तपासलं नाही. पोरगी लॅबचं माहितीपत्रक घेऊन आली होती, त्यावर समुपदेशनाचा एक शब्द नव्हता. अमेरिकेत २००८ पासून जनुकावरून नोकरीत आणि आरोग्यविम्यात भेदभाव करायला बंदी आहे, तीही दीर्घकाळच्या शुश्रूषेच्या विम्याला लागू नाही. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदाच नाही.

तेव्हा आपली मागणी साधी आहे. कौटुंबिक इतिहास घेताना आईची बाजू आधी विचारा, आणि घरातल्या बाईला विचारा. संमतीपत्र मराठीत, वऱ्हाडीत, गोंडीत वाचून दाखवा आणि सही सासरच्यांसमोर घेऊ नका. कळून न घेण्याचा हक्क लिहून द्या. सांभाळणारीचा बुडालेला रोज संशोधनाच्या खर्चात धरा. संस्थांच्या नीतिसमित्यांवर सामान्य नागरिकाची जागा असते, तिथे बहुधा कुणाचा तरी स्नेही बसतो. ती जागा आपण मागू. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने प्रत्येक सज्ञान व्यक्तीला आपला प्रतिनिधी नेमता येतो. डोकं ठिकाणावर आहे तोवर प्रत्येकीने ते नाव लिहून ठेवावं. नवऱ्याचंच असलं पाहिजे असं कायदा म्हणत नाही.

पुढच्या बैठकीला येताना एक कागद आणा. त्यावर आईच्या बाजूच्या, सापडतील तितक्या पिढ्यांच्या बायकांची नावं लिहा. आधी माहेरचं नाव, मग सासरी ठेवलेलं, गाव, आणि म्हातारपणी काय झालं ते. थोरल्या मावशीला विचारा, तिला आठवतंय तोवर. कागद कुणालाही देऊ नका, आपल्या ट्रंकेतच ठेवा.