वादळ मिनिटांत येतं, पण आडोसा किती मिनिटांवर आहे?

उन्हाळा चढला की गावागावांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ हमखास फिरतो. काळ्या ढगातून हत्तीच्या सोंडेसारखं काहीतरी जमिनीवर उतरलंय, पत्रे आणि फांद्या गरगर फिरतायत, आणि खाली लिहिलेलं असतं, ‘आज दुपारी शेजारच्या तालुक्यात’. व्हिडिओ बहुतेक वेळा परदेशातला असतो. तरी तो पुढं पाठवणाऱ्यांची कमी नसते, कारण ती सोंड बघताना भीती वाटते आणि नजरही हटत नाही.

या सोंडेला टोर्नेडो म्हणतात. तो आपल्याकडं क्वचितच होतो. पण जगात टोर्नेडोने माणसं का मेली आणि कुठं वाचली, हे नीट पाहिलं तर आपल्या वळवाच्या पावसाबद्दल आणि विजेबद्दल बरंच काही कळतं.

वावटळ, चक्रीवादळ आणि टोर्नेडो

बातम्यांत आणि बोलण्यात या तिन्हींची सरमिसळ होते. वावटळ सगळ्यांच्या ओळखीची आहे. ऐन उन्हात, आभाळ मोकळं असताना नांगरलेल्या रानात ती उठते, धूळ आणि पालापाचोळा घेऊन गरगरते आणि थोड्या वेळात विरते. ती जमिनीवरून वर जाते. ढगाशी तिचा संबंध नसतो.

चक्रीवादळ समुद्रावर तयार होतं. त्याचा घेर शेकडो किलोमीटरचा असतो. ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर धडकलेलं ‘निसर्ग’ हे त्यातलंच. ते येणार हे दोन-तीन दिवस आधी कळतं, आणि तेवढ्या वेळात माणसं हलवता येतात.

टोर्नेडो मोठ्या गडगडाटी ढगातून खाली येतो. त्याची रुंदी बहुतेक वेळा काही मीटर ते काहीशे मीटर असते आणि बरेचसे टोर्नेडो दहा मिनिटांच्या आत संपतात. पण जेवढ्या पट्ट्यातून तो जातो तेवढा पट्टा साफ होतो. एक वस्ती भुईसपाट आणि पलीकडची वस्ती धडधाकट, असं चित्र दिसतं. चक्रीवादळाच्या बाबतीत हिशोब दिवसांचा असतो, टोर्नेडोच्या बाबतीत मिनिटांचा.

तो तयार कसा होतो?

जमिनीलगत गरम आणि दमट हवा, वर थंड आणि कोरडी हवा, असं झालं की गरम हवा जोरात वर उसळते. वळवाचा पाऊस आणि गारपीट यातूनच होते. टोर्नेडोला आणखी एक गोष्ट लागते. जमिनीजवळचा वारा एका दिशेने हळू, आणि वरचा वारा वेगळ्या दिशेने जोरात वाहायला लागतो. मग दोन थरांच्या मधली हवा पोळपाटावरच्या लाटण्यासारखी आडवी फिरायला लागते. वर उसळणारी गरम हवा हे फिरतं लाटणं उचलून उभं करते. आता सगळा ढगच फिरायला लागतो. अशा फिरत्या ढगांपैकी थोड्यांतूनच सोंड जमिनीला टेकते. नेमका कोणता ढग टेकणार, हे आजही खात्रीने आधी सांगता येत नाही.

अमेरिकेच्या मधल्या सपाट भागात मेक्सिकोच्या आखातातून दमट हवा येते आणि पश्चिमेच्या डोंगरांवरून कोरडी. म्हणून तिथं वर्षाला साधारण बाराशे टोर्नेडो होतात. बंगालमध्ये उन्हाळ्यात बंगालच्या उपसागराची दमट हवा आणि पश्चिमेकडून येणारी तापलेली कोरडी हवा भेटते. म्हणून बांगलादेश आणि पश्चिम बंगालमध्येही टोर्नेडो होतात. ३१ मार्च २०२४ ला पश्चिम बंगालच्या जलपायगुडी जिल्ह्यात मैनागुडी भागात काही मिनिटांच्या अशाच वादळात किमान चार जण गेले आणि शंभरावर जखमी झाले. महाराष्ट्रात उन्हाळ्यात ढग तितकेच उंच वाढतात, पण वरच्या-खालच्या वाऱ्यातला एवढा मोठा फरक सहसा जुळून येत नाही.

ताकद मोजायची कशी?

टोर्नेडोच्या पोटात यंत्र ठेवणं अवघड. म्हणून तेत्सुया फुजिता या जपानी वंशाच्या शास्त्रज्ञाने उलटा मार्ग काढला. तरुणपणी त्यांनी नागासाकीत अणुबॉम्बनंतरची पडझड पाहून अभ्यास केला होता. पुढं शिकागो विद्यापीठात असताना १९७१ मध्ये त्यांनी शून्य ते पाच अशी मोजपट्टी तयार केली. नुकसान बघायचं आणि त्यावरून वाऱ्याचा वेग ठरवायचा. पंचनाम्याचीच ही शास्त्रीय पद्धत म्हणता येईल. २००७ पासून अमेरिकेत त्या पट्टीची सुधारलेली आवृत्ती वापरतात. त्यात पाचवी म्हणजे सगळ्यात वरची पायरी ताशी सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास सुरू होते.

२०१३ नंतर तब्बल बारा वर्षं अमेरिकेत पाचव्या पायरीचा एकही टोर्नेडो नोंदला गेला नव्हता. २० जून २०२५ ला नॉर्थ डकोटा राज्यात एंडरलिन गावाजवळ तो झाला. मालगाडीचे डबे रुळावरून फेकले गेले. त्यात तीन जणांचा जीव गेला.

१८ मार्च १९२५ ला अमेरिकेतल्याच तीन राज्यांतून एक टोर्नेडो सुमारे साडेतीनशे किलोमीटर गेला होता, तेव्हा ६९५ माणसं मेली. त्या काळी हवामान खातं लोक घाबरतील म्हणून अंदाजात ‘टोर्नेडो’ हा शब्दच वापरत नसे. ज्यांच्या अंगावर तो येत होता, त्यांना सांगणारंच कोणी नव्हतं. आता रडार फिरता ढग आधीच दाखवतं.

मानिकगंज : पत्र्याची घरं आणि इशारा नाही

जगात टोर्नेडोने सगळ्यात जास्त माणसं मेली ती अमेरिकेत नव्हे, बांगलादेशात. २६ एप्रिल १९८९ ला संध्याकाळी मानिकगंज जिल्ह्यातल्या दौलतपूर आणि सातुरिया भागातून टोर्नेडो गेला. कित्येक महिने पाऊस नसल्याने त्या भागात दुष्काळ होता. आभाळ भरून आलं तेव्हा लोक पावसाचीच वाट बघत होते. आला तो टोर्नेडो. सुमारे १३०० जण मेल्याचा अंदाज आहे. जखमी बारा हजारांच्या घरात, तर बेघर ऐंशी हजारांच्या आसपास.

वारा तर भयानक होताच. पण घरं कुडाची, मातीची आणि पत्र्याची होती. सुटलेला पत्रा हवेत कोयत्यासारखा फिरतो. इशारा नव्हता, आणि इशारा असता तरी पळून जायला पक्की जागा जवळ नव्हती.

जॉप्लिन : सायरन वाजला, लोक थांबून राहिले

आता उलटं उदाहरण. २२ मे २०११, अमेरिकेच्या मिझुरी राज्यातलं जॉप्लिन शहर. लोकवस्ती पन्नास हजार. रडार होतं, टीव्ही होता, गावभर भोंगे होते. पहिला सायरन वाजला तेव्हा टोर्नेडो यायला साधारण वीस मिनिटं होती. तरी १५८ माणसं मेली.

नंतरच्या सरकारी पाहणीत एक गोष्ट पुढं आली. बऱ्याच लोकांनी पहिला सायरन ऐकून काहीच केलं नव्हतं. सायरन नेहमीच वाजतो, होत काही नाही, हा त्यांचा अनुभव होता. कोणी टीव्ही लावला, कोणी शेजाऱ्याला विचारलं, कोणी दारात येऊन आभाळाकडं बघत उभं राहिलं. स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करण्यात मोलाची मिनिटं गेली. अमेरिकेत दहातल्या सुमारे सात टोर्नेडो इशाऱ्यांनंतर टोर्नेडो येतच नाही. लोकांचा अनुभव खोटा नव्हता. पण त्या दिवशी तोच अनुभव नडला.

बघण्याची ओढ

टोर्नेडोच्या मागं गाड्या घेऊन धावणारे लोक अमेरिकेत आहेत. काही शास्त्रज्ञ, काही फोटोवाले, काही नुसते हौशी. पैसे घेऊन पर्यटकांना टोर्नेडो दाखवणाऱ्या कंपन्याही आहेत. १९९६ चा ‘ट्विस्टर’ हा सिनेमा याच लोकांवर होता.

टिम समारास हे त्यांच्यातले सगळ्यात सावध समजले जात. टोर्नेडोच्या वाटेत जमिनीवर यंत्रं ठेवून मोजमाप घेणं हे त्यांचं काम. २००३ मध्ये साउथ डकोटात त्यांच्या यंत्राने टोर्नेडोच्या पोटातला हवेचा दाब किती पडतो हे टिपलं, ते आजही महत्त्वाचं मानलं जातं. ३१ मे २०१३ ला ओक्लाहोमा राज्यात एल रिनो इथं ते, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग एका टोर्नेडोच्या जवळ होते. त्या टोर्नेडोची रुंदी बघता बघता सव्वाचार किलोमीटर झाली. नोंदींतला हा सगळ्यात रुंद टोर्नेडो. त्याने अचानक दिशा आणि वेग बदलला आणि तिघेही गेले. त्या टोर्नेडोने मेलेले आठही जण गाड्यांमध्ये होते.

इतका अनुभव असलेल्या माणसाला अंतराचा अंदाज चुकला, तर मोबाइल वर करून बांधावर उभं राहणाऱ्याचं काय? स्क्रीनमधून बघताना धोका लांब वाटतो, हे तर प्रत्येकाला माहीत आहे.

आपल्याकडं हे कशाला सांगायचं?

कारण आपला मारेकरी वेगळा असला, तरी माणूस मरतो तो त्याच कारणांनी. देशात वीज पडून वर्षाला अडीच हजारांवर माणसं मरतात. त्यात शेतात काम करणारी, जनावरं राखणारी आणि झाडाखाली थांबलेली माणसं मोठ्या संख्येने असतात. वीज टोर्नेडोपेक्षाही कमी वेळ देते. वळवाच्या वाऱ्याने उडालेले पत्रे आणि पडलेले खांब-भिंती हा दुसरा मारेकरी. १३ मे २०२४ ला मुंबईत घाटकोपरला वादळी वाऱ्यात फलक कोसळून १७ जण गेले. तो टोर्नेडो नव्हता. डोक्यावर काय उभं आहे, यावर जीव अवलंबून होता.

इशारे आपल्याकडंही आहेत. हवामान खातं जिल्हावार पुढच्या तीन तासांचा अंदाज देतं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आपल्या आसपास वीज पडण्याची शक्यता दाखवतं. २०२३ मध्ये देशभर मोबाइल मोठ्याने वाजून चाचणीचे संदेशही आले होते.

अडचण जॉप्लिनचीच आहे. ‘येलो अलर्ट’ येतो अख्ख्या जिल्ह्याला. पाऊस पडतो दोन मंडळांत. बाकीचे लोक म्हणतात, हे रोजचंच आहे. पाचव्या वेळी कोणी संदेश उघडत नाही. शिवाय शेतकऱ्याची आणखी एक अडचण असते. आभाळ आलं की तो घरात जात नाही, उलट रानात पळतो. कांदा उघड्यावर असतो, हरभऱ्याची, गव्हाची रास पडलेली असते, ताडपत्री ओढायची असते, जनावर झाडाला बांधलेलं असतं. विजा कडाडत असताना माणूस बाहेर असतो तो बेफिकीर आहे म्हणून नव्हे, वर्षाची कमाई उघडी आहे म्हणून. त्याला नुसतं ‘घराबाहेर पडू नका’ सांगून उपयोग नाही. त्याला इशारा सकाळीच हवा, म्हणजे दुपारच्या आत झाकपाक होईल.

तिसरी अडचण मानिकगंजची आहे. जायचं कुठं? ऊसतोड मजुराची कोपी, मेंढपाळाचं पाल, वीटभट्टीवरची झोपडी, रानातलं पत्र्याचं शेड, यातलं काहीच वादळात आडोसा नाही.

बांगलादेशने काय केलं?

१९७० च्या चक्रीवादळात त्या भागात किमान तीन लाख माणसं मेली. नंतर तिथं स्वयंसेवकांची फळी उभी राहिली. भोंगा घेऊन सायकलवर, पायी, वस्तीवस्तीत जाऊन सांगणारी माणसं. किनाऱ्यावर खांबांवर उभी पक्की निवारागृहं बांधली गेली. त्यांतली बरीच एरवी शाळा म्हणून वापरतात. २००७ मध्ये ‘सिद्र’ हे मोठं चक्रीवादळ आलं, तेव्हा मृत्यू साडेतीन हजारांच्या आसपास होते. हा आकडाही लहान नाही. पण वादळं थांबली नसताना तो तीन लाखांवरून इथवर आला, तो माणसाने माणसाला सांगितल्यामुळं आणि जायला जागा असल्यामुळं.

आपल्या गावांना यासाठी मोठा निधी लागेलच असं नाही. वाडी-वस्तीपासून दहा मिनिटांच्या चालीवर कोणती पक्की इमारत आहे, शाळा, समाजमंदिर, सोसायटीचं गोदाम, याची यादी ग्रामपंचायत एका ग्रामसभेत करू शकते. तिची किल्ली मार्च ते जून कोणाकडं असणार, हे ठरवता येतं. शाळेला सुट्टी लागली की कुलूप असतं, आणि वळवाचे दिवस नेमके सुट्टीतले. तीन तासांचा अंदाज आला की मंदिराच्या किंवा ग्रामपंचायतीच्या स्पीकरवरून सांगायचं कोणी, हेही ठरवता येतं. कोप्यांवर आणि पालांवर तो आवाज पोचत नसेल, तर मोटारसायकलवर जाणारा एक पोरगा लागेल.

घराघरात करायचं तेही थोडंच आहे. पत्र्यावर नुसते दगड ठेवून भागत नाही, हुक आवळून घ्यावेत. गडगडाट ऐकू आला की झाड, विजेचा खांब, पाण्याची मोटर आणि तारेचं कुंपण यांच्यापासून लांब व्हावं. उघड्या रानात अडकलात तर पाय जवळ घेऊन खाली बसावं, आडवं झोपू नये. शक्य असेल तर पक्क्या घरात किंवा बंद चारचाकीत जावं. विजेपासून बंद गाडी वाचवते, टोर्नेडोपासून नाही, हा फरक ध्यानात ठेवावा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी आत थांबावं.

आणि व्हिडिओ? तो काढायचाच असेल तर पक्क्या भिंतीच्या आतून काढावा. आभाळ काय करणार हे ग्रामसभेच्या हातात नाही. शाळेची किल्ली कोणाकडं राहणार, हे आहे. येत्या ग्रामसभेत हा एक प्रश्न विचारायला कोणाचीच हरकत नसावी.