माझ्या मशीनवर चालत होतं!

"सर, काल रात्रीपर्यंत माझ्या मशीनवर चालत होतं हो!"

इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत हे वाक्य ज्याने एकदाही उच्चारलं नाही, असा विद्यार्थी मला अजून भेटायचा आहे. मी ते गेल्या वर्षी मिनी प्रोजेक्टच्या वेळी थेट एक्स्टर्नलसमोर उच्चारलं. त्यांनी चष्म्यावरून एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा लॅपटॉपकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "मग मार्क मशीनला देऊ का?"

झालं होतं असं. ग्रुप चौघांचा, पण बऱ्यापैकी चालणारा लॅपटॉप एकच, माझ्या रूम पार्टनरचा. प्रोजेक्ट जावा १७ वर लिहिलेला. आदल्या रात्री पार्टनरला दुसऱ्या एका विषयाचं जुनं प्रॅक्टिकल उरकायचं होतं आणि त्याला जावा ८ लागत होतं. त्याने उबुंटूवर 'अपडेट-अल्टरनेटिव्ज' चालवलं, ८ निवडलं, प्रॅक्टिकल केलं आणि बिचारा झोपून गेला. सकाळी मी मेव्हनने बिल्ड केला. एकदम ओके! डेमोला जार फाइल चालवली आणि स्क्रीनभर एरर. मथितार्थ असा, की क्लास फाइलचं व्हर्जन ६१ आहे आणि मला ५२ पर्यंतचंच कळतं.

ज्युनिअर्ससाठी एक युक्ती सांगून ठेवतो. या आकड्यातून ४४ वजा करा, जावाचं व्हर्जन मिळतं. ६१ म्हणजे १७, ५२ म्हणजे ८. टर्मिनलवरचं जावा झालं होतं ८, पण 'जावा-होम' हे व्हेरिएबल अजून १७ कडेच बोट दाखवत होतं, आणि मेव्हन ऐकतो जावा-होमचं. बिल्ड एकाने केला, चालवायला गेला दुसरा. एका म्यानात दोन तलवारी, दुसरं काय!

पार्टनरशी मी आठवडाभर बोललो नाही. आज मात्र प्रामाणिकपणे वाटतं, की चूक त्याची नव्हती. त्याने फक्त एक कमांड दिली होती. खरी चूक आपल्या सगळ्यांच्या सवयीची आहे. मशीनमध्ये काय काय बसवलंय, काय कधी बदललंय, हे कुठेही लिहिलेलं नसतं. ते कुणाच्या तरी डोक्यात असतं, आणि ते डोकं नेमकं डेमोच्या दिवशी झोपलेलं असतं.

कुणी म्हणेल, "अरे, सरळ सगळ्यात नवीन जावा घाल, विषय संपला." नाही संपत! जावा ८ आलं २०१४ मध्ये आणि ते अजून कित्येक ठिकाणी ठाण मांडून आहे. २०१७ च्या जावा ९ नंतर दर सहा महिन्यांनी नवं व्हर्जन यायला लागलं. त्यातली दीर्घकाळ सांभाळली जाणारी म्हणजे ११, १७, २१ आणि २०२५ मधलं २५. जुनं बहुतेक नव्यावर चालतं, पण सगळंच नाही. जावा ११ मधून एक्सएमएलचं जॅक्स-बी आणि आणखी काही गोष्टी काढून टाकल्या, त्यामुळे सिनिअर्सचा जुना प्रोजेक्ट नव्या जावावर इम्पोर्टलाच अडखळतो. म्हणजे एका मशीनवर दोन-तीन जेडीके ठेवणं ही हौस नाही, गरज आहे. प्रश्न एवढाच, की त्यांना भांडू न देता ठेवायचं कसं?

माझं उत्तर निक्स-ओएस. नाव ऐकून घाबरू नका. तुमची आई महिन्याची यादी वाण्याला देते ना? तूरडाळ २ किलो, साखर ५ किलो. कुठल्या पोत्यातून काढायची, कुठल्या फळीवरून उतरवायची, हे ती सांगत नाही. काय हवं ते लिहिते, कसं आणायचं ते वाणी बघतो. निक्स-ओएसमध्ये अख्ख्या सिस्टिमची अशी एक यादी असते, तिचं नाव 'कॉन्फिगरेशन डॉट निक्स'. यादीत लिहा, रीबिल्ड करा, सिस्टिम तशी होते. ओळ खोडून पुन्हा रीबिल्ड केला, की ती गोष्ट सिस्टिममधून जाते. काही बिघडलंच तर बूट मेनूतून आधीची अवस्था निवडा.

याच्या मुळाशी असलेलं 'निक्स' २००३ मध्ये नेदरलँड्समधल्या युट्रेक्ट विद्यापीठात एल्को डोल्स्ट्रा यांनी सुरू केलं आणि त्यावरचा त्यांचा पीएचडीचा प्रबंध २००६ चा. म्हणजे हे एका विद्यार्थ्याचंच काम! कल्पना साधी आहे. प्रत्येक पॅकेज स्वतःच्या वेगळ्या फोल्डरमध्ये, आणि त्या फोल्डरच्या नावात ३२ अक्षरांचा हॅश. जावा ८ एका फोल्डरमध्ये, १७ दुसऱ्या, २१ तिसऱ्या. मिसळणाच्या डब्यात हळद, मोहरी, जिरं जसं आपापल्या वाटीत राहतं, तसं.

पण इथेही एक खड्डा आहे आणि मी त्यात पडलोय. उत्साहाच्या भरात मी सिस्टिमच्या यादीत दोन्ही जेडीके लिहिले. दोघांचीही कमांड 'जावा'च, मग टर्मिनलवर एकच जिंकणार आणि दुसरा गुपचूप मागे राहणार. पुन्हा तेच रडगाणं! योग्य रस्ता असा, की जेडीके सिस्टिमला द्यायचाच नाही, प्रोजेक्टला द्यायचा. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये दहा ओळींची 'शेल डॉट निक्स' फाइल ठेवा. तिच्यात लिहा, मला जेडीके १७ आणि मेव्हन हवं. जावा-होमसुद्धा त्याच फाइलीत स्पष्ट लिहा, बाहेरून आलेल्यावर भरवसा ठेवू नका. मग त्या फोल्डरमध्ये 'निक्स-शेल' म्हटलं की १७, बाहेर पडलं की १७ गायब. शेजारच्या फोल्डरमध्ये पार्टनरचं ८ सुखाने नांदतंय. 'डायरेन्व्ह' जोडलं तर फोल्डरमध्ये शिरताच हे आपोआप होतं. आणि वर्षभरानंतरही हुबेहूब तेच हवं असेल, तर 'फ्लेक'ची लॉक फाइलही प्रोजेक्टबरोबर ठेवा. पॅकेजचा संग्रह नेमका कोणत्या क्षणीचा वापरला, ते तिच्यात नोंदलेलं असतं.

आता दुसरी बाजू. निक्सची भाषा विचित्र आहे, आणि तिचे एरर मेसेज वाचण्यापेक्षा सिग्नल्सचा पेपर परवडला. डिस्क भरपूर खाते, अधूनमधून झाडू मारावा लागतो. वेबसाइटवरून उतरवलेला तयार जेडीके तिथे सहसा तसाच्या तसा चालत नाही, कारण बाकीच्या लिनक्सवर ठरलेल्या जागी असणारी लायब्ररी लोड करणारी फाइल तिथे नेहमीच्या रूपात नसते. माझी पहिली दोन रात्री यातच गेली. हॉस्टेलच्या नेटवर पहिलं डाउनलोड म्हणजे तर तपश्चर्याच! म्हणून सगळ्यांनी उद्याच लॅपटॉप फॉरमॅट करा, असं मी म्हणणार नाही. नुसतं निक्स उबुंटूवरही बसतं, मॅकवरही बसतं, विंडोजवाल्यांना डब्ल्यूएसएलमध्ये मिळतं. सुरुवात तिथून करा.

मला खरं बोलायचंय ते आपल्या डिपार्टमेंटच्या कपाटाबद्दल. दरवर्षीचे फायनल इयर प्रोजेक्ट तिथे सीडीवर, पेनड्राइव्हवर ठेवलेत. काळ्या बाइंडिंगचा, सोनेरी अक्षरांचा रिपोर्ट सोबत. त्यात अॅकनॉलेजमेंट दोन पानं, पण हा प्रोग्रॅम कोणत्या जावावर, कोणत्या लायब्ररीवर चालतो, हे बहुतेक ठिकाणी अर्धी ओळसुद्धा नाही. या वर्षी आमच्या ग्रुपने त्यातला एक प्रोजेक्ट पुढे न्यायचं ठरवलं. तीन आठवडे तो नुसता चालवण्यात गेले, मग आम्ही नाद सोडला आणि पहिल्यापासून लिहायला बसलो. चार मुलांची वर्षभराची मेहनत त्या कपाटात मेली, आणि तिच्यावर 'एक्सलंट' असा शेरा आहे.

म्हणून माझी सरळ मागणी आहे. सबमिशनला कोडबरोबर ही यादीची फाइल सक्तीची करा, आणि डेमो ग्रुपच्या लॅपटॉपवर न घेता लॅबमधल्या कोऱ्या मशीनवर घ्या. निक्सच हवं असा हट्ट नाही. दुसऱ्या कुठल्या साधनाने जमत असेल तर उत्तम. पण लिहिलेलं हवं, आणि ते वाचून मशीनला उभं राहता आलं पाहिजे. पहिल्या वर्षी आपण सगळेच बोंबलू. दुसऱ्या वर्षापासून ज्युनिअर्स आपला प्रोजेक्ट उघडतील, एक कमांड देतील आणि आपण जिथे थांबलो तिथून पुढे जातील.

आणि हो, पार्टनरशी आता बोलतो मी. आमच्या प्रोजेक्टची यादी त्यानेच लिहिलीय.