तबकडीवरचे नाव

अजिंठ्याच्या बाराव्या लेण्यात चित्रवैभव नाही. तीन बाजूंना चार-चार अशा बारा खोल्या, त्यांतील दगडी शय्या आणि मध्ये मोकळा चौक, एवढाच हा विहार. मात्र त्याच्या भिंतीवर ब्राह्मी लिपीतील एक लहानसा लेख आहे. घनामदड नावाच्या वणिजाने केलेल्या दानाची त्यात नोंद आहे. हा लेख सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. हा वणिज कशाचा व्यापार करीत होता, त्याची पेढी कोठे होती, त्याच्यामागे ती कोणी चालवली, यातले काहीच लेख सांगत नाही. नाव, व्यवसाय आणि दान, एवढेच उरले आहे.

जवळच्याच दहाव्या लेण्यातील एका खांबावर दुसरे एक नाव आहे. जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ रोजी विस्मृतीत गेलेली ही लेणी पाहिली आणि आपले नाव व तारीख तेथे कोरून ठेवली. दोन्ही नावे दगडातच आहेत. पहिल्यामागे बारा खोल्यांचा आसरा आहे, दुसऱ्यामागे एक भेट. नाव कोरण्यास थोडा वेळ पुरतो. त्या नावाला अर्थ येण्यासाठी त्याच्या मागे काहीतरी उभे असावे लागते.

व्यापारी घराण्यांना हा भेद नव्याने सांगावा लागत नाही. पेढीच्या पाटीवर आजोबा-पणजोबांचे नाव असते. हुंडी वटते ती त्या नावाच्या पतीवर. पेढीचे नाव आणि पेढीची पत या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या झाल्या की काय होते, याचा एक बोलका इतिहास स्वित्झर्लंडच्या एका घड्याळ घराण्यात सापडतो. त्या घराण्याचा मुंबईच्या बाजाराशी दीडशे वर्षांहून जुना संबंध आहे. मराठी घरांत त्या घड्याळाला ‘फेवर ल्युबा’ म्हणत. मूळ उच्चार ‘फाव्र-ल्यूबा’.

अजिंठ्याला १९८३ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. २००९ मध्ये तोच मान स्वित्झर्लंडच्या ज्युरा डोंगरातील ल लोक्ल या गावाला आणि शेजारच्या ला शो-द-फाँ या शहराला मिळाला. ल लोक्लमध्ये लेणी नाहीत. घड्याळ कारागिरांच्या गरजेप्रमाणे वाढलेली वस्ती हेच त्याचे वैभव. हिवाळ्यात बर्फाने शेती थांबे, तेव्हा तेथील शेतकरी कुटुंबे खिडकीजवळच्या उजेडात बसून चाके, दांडे आणि स्प्रिंगा घडवीत. या गावातील आब्राहम फाव्र याचा घड्याळजी म्हणून उल्लेख १७३७ च्या दस्तऐवजात आढळतो. फाव्र-ल्यूबाचा जन्म तेव्हापासून मोजतात आणि स्वित्झर्लंडच्या सर्वांत जुन्या घड्याळ नावांत तिची गणना होते.

१८१५ मध्ये ओग्युस्त ल्यूबा हा व्यापारी फाव्र कुटुंबाला येऊन मिळाला. एका घराकडे हुन्नर होता, दुसऱ्याकडे विक्रीची जाण. पुढे फ्रिट्झ फाव्र याचा विवाह ल्यूबा घराण्यातील कन्येशी झाला आणि भागीदारीला सोयरिकीचीही जोड मिळाली. हाच फ्रिट्झ घड्याळे घेऊन देशोदेशी हिंडला. १८६५ मध्ये त्याने हिंदुस्थानशी व्यापार सुरू केला आणि मुंबई हे त्याचे येथील प्रमुख ठाणे झाले.

ज्या साली तो येथे आला, ते साल मुंबईचे व्यापारी कधी विसरले नाहीत. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला होता आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि कागदावर उभे राहिलेले कंपन्यांचे समभाग मातीमोल झाले. कापसाचे बादशहा म्हणवले जाणारे जैन व्यापारी प्रेमचंद रायचंद हेही त्या वादळात सापडले. मात्र त्याआधीच, १८६४ मध्ये, त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले होते. अट एवढीच की मनोऱ्याला मातोश्री राजाबाईंचे नाव द्यावे. राजाबाईंना दिसत नसे. सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा नियम त्यांना कोणाच्या मदतीशिवाय पाळता यावा, म्हणून हे टोल, असे सांगितले जाते. मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला. तेजीत कमावलेले बरेच काही गेले; दिलेले मात्र राहिले आणि आजही ठोके देत आहे.

वेळ मोजण्याची ही निकड येथील समाजाला नवी नव्हती. ‘घड्याळ’ हा शब्दच घटिकेशी नाते सांगतो. चोवीस मिनिटांची एक घटिका, दोन घटिकांचा मुहूर्त, आणि त्या अठ्ठेचाळीस मिनिटांचे सामायिक. त्यासाठी वाळूची घडी घराघरांत असे. तथापि रेल्वे, तार आणि गोदीच्या मुंबईला मिनिटांचा हिशेब हवा होता. तोही सोपा नव्हता. १९०६ मध्ये देशासाठी एकच प्रमाणवेळ ठरली, पण मुंबईने आपली जुनी वेळ सोडण्यास नकार दिला. प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटे मागे असलेली ही ‘मुंबई वेळ’ शहरात १९५५ पर्यंत या ना त्या रूपात चालू होती. खिशात विश्वासू घड्याळ असणे ही अशा शहरात चैन नसून धंद्याची गरज होती. फाव्र-ल्यूबाची येथील पत या गरजेवर उभी राहिली. घरात लग्नाच्या वेळी दिलेले फेवर ल्युबा पुढच्या पिढीच्या मनगटावर चढे, ते नीट चालते म्हणूनच.

या पतीमागे कारखान्यातील कष्ट होते. १९५५ च्या सुमारास कंपनीने स्वतःचे यंत्र बनवण्यास सुरुवात केली. १९६२ मध्ये तिने एका स्प्रिंगेऐवजी दोन स्प्रिंगांवर चालणारे यंत्र आणले. चावीच्या घड्याळात स्प्रिंग सैल होत जाते तसा तिचा जोर कमी होतो आणि वेळ चुकू लागते. दोन पेट्यांत विभागलेला जोर अधिक समान मिळतो, घड्याळ अधिक काळ आणि अधिक अचूक चालते. एवढे करूनही या यंत्राची जाडी तीन मिलिमीटरहून कमी होती.

त्याच वर्षी ‘बिवूआक’ हे घड्याळ आले. हवेचा दाब आणि उंची दाखवणारे हे पहिले यांत्रिक मनगटी घड्याळ. त्याच्या आत धातूची पोकळ, हवा काढलेली डबी असते. डोंगर चढताना हवेचा दाब घटतो, डबी किंचित फुगते, आणि तो केसाएवढा फरक काट्यापर्यंत पोहोचवला जातो. गिर्यारोहक वॉल्टर बोनात्ती आणि दक्षिण ध्रुवप्रदेशाचे संशोधक पॉल-एमिल व्हिक्तोर यांनी ते वापरले. १९६८ च्या ‘बाथी’ या घड्याळाने तीच युक्ती उलट दिशेने वापरली. पाण्याच्या दाबाने घड्याळामागचा पातळ पडदा दबतो आणि पाणबुड्याला आपण किती खोल आहोत ते कळते.

यानंतर वर्षभरातच, डिसेंबर १९६९ मध्ये, जपानच्या सेइको कंपनीने क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस आणले. गारगोटीच्या स्फटिकाच्या कंपनावर चालणारे हे घड्याळ उत्तमोत्तम यांत्रिक घड्याळांपेक्षा अचूक होते आणि काही वर्षांतच ते अतिशय स्वस्तही झाले. स्वित्झर्लंडमध्ये १९७० च्या सुमारास सुमारे नव्वद हजार माणसे या धंद्यात होती. पंधरा वर्षांत ती तीस-पस्तीस हजारांवर आली. भारतातील चित्रही पालटले होते. आयातीवर कडक निर्बंध होते. १९६१ मध्ये बंगळूर येथे सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एचएमटीची घड्याळे बनू लागली. १९८४ मध्ये टाटा समूह आणि तमिळनाडूचे औद्योगिक विकास महामंडळ यांनी मिळून टायटनची स्थापना केली. फाव्र घराण्याची आठवी पिढी तोवर गादीवर होती. १९८५ मध्ये तिला कंपनी विकावी लागली. पुढची पंचवीस वर्षे हे नाव एका मालकाकडून दुसऱ्याकडे जात राहिले.

२०११ मध्ये वर्तुळ पूर्ण झाल्यासारखे वाटले. ज्या देशात फ्रिट्झ फाव्र घड्याळे विकण्यास आला होता, त्याच देशातील टायटनने सुमारे वीस लाख युरोंना हे नाव विकत घेतले. २०१७ मध्ये ‘बिवूआक ९०००’ आले. मूळ घड्याळ तीन हजार मीटरपर्यंत उंची दाखवी. हे नऊ हजारांपर्यंत, म्हणजे एव्हरेस्टच्याही वर. घड्याळ चांगले होते, पण व्यवसायाचा हिशेब जुळेना. तोटा वाढत गेला आणि २०२० मध्ये टायटनने हात आखडता घेतला. २०२३ मध्ये घड्याळविक्रीतील ‘इथॉस’ या भारतीय कंपनीच्या स्विस उपकंपनीने हे नाव घेतले आणि २०२४ मध्ये जिनिव्हा येथे नवी घड्याळे सादर केली.

एवढा मोठा समूह, भरपूर भांडवल, पावणेतीनशे वर्षांचे नाव, आणि तरीही पहिला डाव जमला नाही, हे व्यापारी वाचकांना विचारात पाडणारे आहे. वीस लाख युरोंत नाव मिळाले. ल लोक्लच्या खिडकीजवळची कारागिरी, मुंबईच्या दुकानात दुरुस्तीला आलेले घड्याळ वेळेवर परत देण्याची शिस्त, बापाचे घड्याळ मुलाने घालावे असा ग्राहकाचा भरवसा, यांची किंमत त्या सौद्यात नव्हती, कारण त्या गोष्टी विक्रीला नव्हत्याच. मधल्या पंचवीस वर्षांत त्यांतील बरेच धागे तुटले होते. नव्या मालकांनाही ते एकेका ग्राहकाबरोबर पुन्हा जोडावे लागतील.

दिवाळीला वहीपूजन होते, तेव्हा नव्या वहीच्या पहिल्या पानावर पेढीचे नाव लिहिले जाते. जुन्या वहीतील शिल्लक पुढे ओढता येते. पत मात्र त्या ओळीत मावत नाही, ती पुढच्या पानांवरच्या व्यवहारांतून पुन्हा कमवावी लागते. वारसा हाती घेणाऱ्या तरुणांनी पाटीवरचे नाव किती जुने आहे, यापेक्षा त्या नावावर आज कोण डोळे मिटून माल देतो, हे आधी पाहावे. अजिंठ्याच्या बाराव्या लेण्यातील वणिजाची पेढी कधीच उरली नाही. त्याने दिलेला आसरा अजून उभा आहे, म्हणून त्याचे नाव वाचण्यास माणसे तेथे थांबतात.