निरभ्र आकाश आणि कॅमेरा

पावसाळा संपून आकाश धुतल्यासारखें निळें झालें, कीं हौशी छायाचित्रकार खट्टू होतो. ढग नाहींत, मग देखाव्यांत मौज ती कसली, अशी त्याची तक्रार असते. आमचें म्हणणें असें कीं, दोष आकाशाचा नाहीं. निम्मी चौकट रिकाम्या आकाशाला देऊन टाकणाऱ्या दृष्टीचा आहे. ज्याच्यापाशीं सांगण्यासारखें कांहीं नाहीं, त्याला जागा थोडीच द्यावी. अशा दिवसाचें खरें धन म्हणजे सावली; आणि तें वेंचण्यास हिमालय गांठावयास नको, आपली कसबा पेठ पुरेशी आहे.

पेठेला लागूनच शनिवारवाडा आहे. त्याचा दिल्ली दरवाजा उत्तराभिमुख. डिसेंबरांत सूर्य दिवसभर दक्षिणेकडून जातो. त्यामुळें दर्शनी भाग सावलींतच राहतो, आणि चित्रांत दरवाजा काळा व आकाश पांढुरकें अशी गत होते. एप्रिल-मे महिन्यांत मात्र सूर्य उत्तरेकडे कलून उगवतो आणि तसाच मावळतो. त्या वेळचें तिरपें ऊन बुरुजांना चाटून जातें, आणि एरवीं सपाट भासणाऱ्या बांधकामाचा सांधा न् सांधा उठून दिसतो. पण मे महिन्याच्या मध्यास पुण्यांत दुपारचा सूर्य थेट डोक्यावर येतो व सावली पायाखालीं लपते. तेव्हां कॅमेरा मिटून ठेवावा. उलट डिसेंबरच्या भर दुपारींहि सूर्य सुमारें ४८ अंशांवरच असतो, म्हणून सावलीला लांबी राहते.

तांबट आळीसारख्या अरुंद जागीं ऊन आणि सावली दोन्हीं एका चित्रांत मावत नाहींत. तेथें उजळ भाग सांभाळून काळोख काळाच राहूं द्यावा. किंवा सावलींतील दारापाशीं उभें राहावें; समोरच्या भिंतीवरून परतलेल्या मऊ प्रकाशांत तांब्याच्या घंगाळावरील ठोका न् ठोका मोजतां येतो.

रिकामें आकाशहि कधीं कामास येतें. अन्सेल अॅडम्स या अमेरिकन छायाचित्रकारानें १० एप्रिल १९२७ रोजीं योसेमिटी येथील हाफ डोम कड्याचें चित्र घेतांना भिंगावर गडद तांबडी कांच लावली. निळें आकाश जवळजवळ काळें उमटलें आणि कडा उजळून निघाला.

हा केवळ छंद समजूं नये. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, आणि मुठेच्या कांठचीं कित्येक घरें गेलीं. ज्यांचें चित्र निघालें नव्हतें, तीं नंतर केवळ वडीलधाऱ्यांच्या बोलण्यांत उरलीं. आज पूर नसतांहि जुने वाडे एकेक करून उतरत आहेत. चौकाच्या तुळया, कोनाडे, पायऱ्यांची झीज हें सारें स्वच्छ उन्हांतच नीट उमटतें.

तेव्हां घरांतील मुलांनीं प्रथम आजीला विचारावें. कोणत्या महिन्यांत, किती वाजतां, चौकाच्या कोणत्या कोपऱ्यांत ऊन येतें, हें वर्षानुवर्षें वाळवणें घातलेल्या बाईइतकें कोणास ठाऊक असणार? ती सांगेल त्या वेळीं चित्र घ्यावें, आणि चित्राबरोबर तिथि, वेळ व वाड्याचें नांव न विसरतां लिहून ठेवावें.