मधुमेह, मूत्रपिंड आणि तुटक आरोग्यधोरण

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असून आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्यानंतरची चर्चा हृदयविकार, दृष्टिदोष आणि मूत्रपिंड निकामी होणे यांभोवती फिरली. मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा उल्लेख मात्र अपवादानेच झाला.

मधुमेह आणि हा कर्करोग यांचा संबंध काल्पनिक नाही. अनेक निरीक्षणात्मक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणांत मधुमेहींमध्ये या कर्करोगाची जोखीम सुमारे ४० टक्क्यांनी अधिक आढळली आहे. अमेरिकेतील परिचारिका व अन्य आरोग्य व्यावसायिकांच्या दीर्घकालीन पाहणीत ही वाढ स्त्रियांमध्ये दिसली, पुरुषांमध्ये दिसली नाही. रक्तातील इन्सुलिनचे वाढलेले प्रमाण आणि दीर्घकाळ टिकणारा दाह पेशींच्या अनिर्बंध वाढीला पोषक ठरतो, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. परंतु लठ्ठपणा, उच्च रक्तदाब आणि धूम्रपान ही या कर्करोगाची प्रस्थापित कारणे आहेत व त्यांपैकी पहिली दोन मधुमेहाच्या सोबतीनेच वावरतात. शिवाय मधुमेहींच्या तपासण्या अधिक होतात, त्यामुळे लपलेल्या गाठीही अधिक सापडतात. म्हणून मधुमेह हे स्वतंत्र कारण किती आणि सहप्रवासी किती, याचा निर्णायक निवाडा झालेला नाही.

धोरणकर्त्यांनी टक्केवारीला भुलू नये, हे येथे आवर्जून सांगावे लागते. भारतात या कर्करोगाचे प्रमाण लाखामागे वर्षाला एक-दोन इतकेच आहे. मूळ दर दोन धरला आणि तो ४० टक्क्यांनी वाढला, तर तीनाच्याही आत राहतो. एका रुग्णाच्या दृष्टीने ही वाढ नगण्य ठरते. १० कोटी मधुमेहींच्या हिशेबात मात्र ती वर्षाला सुमारे ८०० जादा रुग्ण होते. एवढ्यांना शोधण्यासाठी दहा कोटी लोकांची सोनोग्राफी करणे म्हणजे आधीच अपुऱ्या असलेल्या साधनसामग्रीचा अपव्यय ठरेल, आणि निरुपद्रवी गाठींवरील अनावश्यक शस्त्रक्रियाही वाढतील.

मग करायचे काय? उत्तर नव्या मोहिमेत नसून जुन्या कार्यक्रमांची सांधेजोड करण्यात आहे. २०१० मध्ये सुरू झालेल्या असंसर्गजन्य रोग नियंत्रण कार्यक्रमांतर्गत तिशीपुढील नागरिकांची मधुमेह, रक्तदाब आणि मुख, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांसाठी तपासणी अपेक्षित आहे. २०१६ पासूनचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम गरिबांना मोफत सेवा देतो, परंतु तो मूत्रपिंड निकामी झाल्यानंतरच रुग्णाला भेटतो. या दोन टोकांच्या मध्ये जी पोकळी आहे, तिच्यात रुग्ण हरवतो.

ही पोकळी किती महाग पडते, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. गाठ लहान असताना सापडली, तर बहुधा मूत्रपिंडाचा तेवढाच भाग काढून उरलेला वाचवता येतो. उशीर झाल्यास संपूर्ण मूत्रपिंड गमवावे लागते. निरोगी माणूस उरलेल्या एका मूत्रपिंडावर निभावून नेतो. पण वर्षानुवर्षांच्या मधुमेहाने ते दुसरेही झिजलेले असेल, तर त्याची वाट डायलिसिसकडे जाते. मधुमेहीच्या बाबतीत कर्करोग आणि मूत्रपिंडाची झीज हे दोन वेगळे प्रश्न राहत नाहीत.

म्हणूनच तीन गोष्टी तातडीने व्हाव्यात. प्रत्येक नोंदणीकृत मधुमेहीच्या लघवीतील अल्ब्युमिन आणि रक्तातील क्रिएटिनिन यांची वर्षातून एकदा तपासणी व्हावी. या चाचण्या कर्करोग शोधत नाहीत, पण मूत्रपिंडाची झीज वेळीच दाखवतात. लघवीतून रक्त जाण्याची तक्रार केवळ जंतुसंसर्ग समजून गोळ्यांवर सोपवू नये. वेदना नसतानाही रक्त दिसले, तर रुग्णाला सोनोग्राफीची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवण्याचा स्पष्ट नियम प्राथमिक केंद्रांना द्यावा. तिसरी गोष्ट म्हणजे रक्तदाब, वजन व तंबाखू यांवरील समुपदेशन औषधाच्या चिठ्ठीइतकेच अनिवार्य मानावे.

चौथी गोष्ट दीर्घ पल्ल्याची आहे. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाला चार दशके उलटली, तरी लोकसंख्येचा लहानसा हिस्साच तिच्या कक्षेत येतो. कर्करोगाच्या नोंदी आणि मधुमेहाच्या नोंदी परस्परांशी जोडल्याशिवाय भारतीय शरीरात हा संबंध किती बळकट आहे, हे आपल्याला परदेशी आकड्यांवरूनच ताडावे लागेल. ज्या देशात मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या पुढे गेली आहे, त्याने या प्रश्नाच्या उत्तरासाठी इतरांच्या तोंडाकडे पाहत राहणे शोभणारे नाही.