शहर शिकायला मुंबईच कशाला हवी?

भाची यंदा बारावी झाली. आर्ट्सला जाते म्हणाली तेव्हा घरच्यांची जी तोंडं झाली, ती मी पंचवीसेक वर्षांपूर्वी माझ्याच वाट्याला आलेली पाहिली आहेत. असो. २०२३-२४ पासून आपल्याकडे नव्या शैक्षणिक धोरणाची पदवी आली आहे. मुख्य विषयाच्या जोडीला आणखी एक विषय, त्याला म्हणायचं मायनर. मी सहज म्हटलं, "शहरांचा अभ्यास असा मायनर कुठे असला तर घे. इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र, कायदा, सगळं एकत्र येईल." शेजारी एक निवृत्त प्राध्यापक बसले होते, ते हसले. "गोव्यात शहर आहे कुठे? त्यासाठी मुंबईला जायला हवं!"

हे 'गोवा म्हणजे गाव' प्रकरण आता पुरे झालं. २०११ च्या जनगणनेत गोव्याची ६२ टक्क्यांहून अधिक वस्ती शहरी निघाली. देशातल्या सगळ्या राज्यांत हे प्रमाण सर्वांत जास्त! २००१ साली ते निम्म्याच्या आसपास होतं. मग दहा वर्षांत माणसं गाव सोडून पणजीत आली का? छे! पणजी महापालिकेत तेव्हा जेमतेम चाळीस हजार लोक होते. माणसं आहेत तिथेच राहिली, बाहेरची येऊन मिळाली, आणि गावाचंच शहर झालं. वस्ती पाच हजारांच्या वर, दर चौरस किलोमीटरला चारशे माणसं आणि पुरुष कामकऱ्यांपैकी तीन-चतुर्थांश शेतीबाहेर, की जनगणनेच्या लेखी ते शहर. कारभार मात्र पंचायतीचा. आपली विधानसभासुद्धा २००० सालापासून पर्वरीला भरते, म्हणजे पंचायतीच्याच हद्दीत.

मुंबईची पुस्तकं गिरण्या, चाळी आणि लोकल शिकवतील. उत्तम. पण भातशेतीच्या कडेला सात मजली इमारत उभी राहते, तिचं सांडपाणी कुठे जाणार आणि ते विचारायचं कुणाला, पंचायतीला की नगरनियोजन खात्याला? आमच्या खिडकीवर माणसं एक-चौदाचा उतारा हातात धरून हेच विचारत येतात. चांगली शिकलेली माणसं असतात, बरं का.

आता दुसरं भांडण कॉलेजांशी. कुणी असा मायनर काढलाच, तर काय होईल ते मला दिसतं आहे. चार विभागांकडून दोन-दोन प्रकरणं मागून घेतील, वर 'आंतरविद्याशाखीय' असं पाटी भरेल इतकं लांब नाव लावतील आणि प्रत्येक सर आपापला तास घेऊन निघून जातील. त्याला अभ्यास म्हणत नाहीत, ठिगळं म्हणतात.

त्यापेक्षा एक प्रश्न घ्या. पावसात पणजीचा मळा का बुडतो? भूगोल सांगेल की जमीन सखल आणि खाडी जवळ. पण ही दलदल बुजवून शहर आखलं कुणी, हे इतिहासाला विचारावं लागेल. दों मानुएल द पोर्तुगाल ई काश्त्रू या व्हाइसरॉयच्या काळात, १८२७ ते १८३५ दरम्यान, हे काम मोठ्या प्रमाणावर झालं. १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. मुक्तीपूर्वीचे जमिनीचे कागद पोर्तुगीजमध्ये आहेत, म्हणजे भाषाही आली. खाजनाची मानस कोण सांभाळत होतं आणि ती व्यवस्था का मोडली, हे समाजशास्त्र. भराव टाकायला परवानगी कशी मिळते, हा कायदा. एका पावसाळी दुपारी पोरांना गुडघाभर पाण्यात उभं करा, चारही सरांसकट!

आणि हे आपल्याला जमत नाही असं कुणी म्हणू नये. २००६ साली जाहीर झालेला प्रादेशिक आराखडा लोकांनी आंदोलन करून २००७ च्या सुरुवातीला रद्द करायला लावला. पुढच्या आराखड्याच्या वेळी गावोगावी नकाशे पसरले. ज्यांनी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं ती माणसं रंग बघून सांगत होती, "हें शेत न्हय? मग हांगा पिवळें कित्याक?" क्रेडिट कुणाला मिळालं नाही, पण अभ्यास तोच होता. तो आराखडाही २०१२ मध्ये स्थगित झाला, आणि ती माणसं आता म्हातारी झाली. नकाशा वाचायला नवं कोण शिकतं आहे?

भाचीच्या कॉलेजात असा मायनर नाही. तिने मानसशास्त्र घेतलं. प्राध्यापक महाशय राहतात त्या सोसायटीला मे महिन्यात टँकरने पाणी येतं. सोसायटी पंचायतीत आहे.